चेस्टनटवाल्याचा उजवा हात

मित्रांनो, मला बघायचे असेल तर आधी साबणाने हात धुवावे लागतात. मग संग्रहालयातल्या एक बाई राखाडी रंगाच्या चपट्या पेटीचे झाकण उघडतात, माझ्यावरचा पातळ कागद अलगद बाजूला करतात आणि दबक्या आवाजात सांगतात, "बोट लावायचं नाही हं." एवढा मान मला म्हातारपणी मिळाला आहे. तरुणपणी माझी भाजलेल्या चेस्टनटची पुडी होता होता राहिली होती, हे त्या बाईंना ठाऊक नाही.

मी एक ठसा आहे. पॅरिसमधल्या टेकडीच्या उतारावर एक गल्ली आहे. तिथे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी दगडावरून कागदावर उतरलेल्या एका चित्राचा मी पहिला ठसा. अशा चित्राला कुणी लिथोग्राफ म्हणतात, कुणी शिळाछाप. माझ्यात राजा नाही, राणी नाही, लढाई नाही. हिवाळ्यातली एक साधी सकाळ आहे. चढ चढताना वाफा सोडणारे बस ओढणारे दोन घोडे आहेत, कपड्यांची टोपली कमरेवर घेतलेली एक बाई आहे, एक छत्री, एक कुत्रा, आणि कोपऱ्यावर शेगडीच्या धुरात उभा असलेला चेस्टनटवाला आहे. अगदी जवळून पाहिलेत तर नुसते ठिपके आणि फरकाटे दिसतील. दोन पावले मागे सरका, की गल्ली चालू लागते. इतकी वर्षे मी हे अंगावर वागवतो आहे, पण हे कसे घडते ते मला अजून कळलेले नाही.

माझा जन्म चिंध्यांतला. कुणाचा फाटका सदरा, कुणाची विटकी चादर, कुणाचा जेवणाच्या मेजावरचा डागाळलेला कपडा, असे सगळे कुजवून, कुटून, लगदा करून माझा कागद झाला. त्यामुळे कुळाचा तोरा मी कधी मिरवला नाही. गठ्ठ्यात बांधून मला बार्नाबेच्या छापखान्यात आणले आणि फळीवर ठेवले. गठ्ठ्यात मी सर्वांत वर होतो, म्हणून खाली जे काही चाले ते सारे मला दिसे.

बार्नाबे हा छापखान्याचा मालक आणि छापणाराही तोच. पोट पुढे आलेले, मिशांना शाई लागलेली आणि तोंडाला विश्रांती नाही. त्याच्या छापखान्यात भिंतीला लावून पुस्तकांसारखे दगड उभे केलेले होते. पिवळसर, गुळगुळीत, चार बोटे जाडीचे दगड. या दगडावर चरबीच्या खडूने चित्र काढायचे, मग दगड पाण्याने ओला करायचा आणि त्यावरून शाईचा रूळ फिरवायचा. जिथे चरबी तिथे पाणी टिकत नाही आणि जिथे पाणी तिथे शाई बसत नाही. तेल आणि पाणी यांचे एकमेकांशी पटत नाही, एवढ्या एका भांडणावर बार्नाबेचे पोट चाले. मी कोरा होतो तेव्हा फळीवरून हे बघायचो आणि दर वेळी थक्क व्हायचो.

छापखान्याला रस्त्याकडे एक मोठी खिडकी होती. तिच्या समोर वीस पावलांवर ओझानबाबा शेगडी मांडून चेस्टनट, म्हणजे शिंगाड्यासारखी कवचाची गोडसर फळे, भाजत असे. उंच, वाकलेला, पन्नाशीचा माणूस. उजवा हात कोपराच्या वरून गेलेला. कोटाची ती बाही दुमडून टाचणीने खांद्याशी लावलेली असे. तो डाव्या हाताने चेस्टनट हलवी, डाव्या हाताने पुडीत भरी, आणि पैसे गिऱ्हाइकालाच डब्यात टाकायला सांगे.

हा ओझान तरुणपणी याच छापखान्यात अक्षरे लिहीत असे. मित्रांनो, हे काम तुम्हाला वाटते तितके सोपे नाही. दगडावर जे डावीकडे असते ते कागदावर उजवीकडे उतरते. म्हणून कागदावर अक्षर सुलटे यायचे असेल तर दगडावर ते उलटे लिहावे लागते, आरशात दिसते तसे. भल्याभल्यांना ते साधत नाही. ओझान मात्र शिट्टी वाजवत लिहायचा. दारूच्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या, लग्नपत्रिका, नाटकांच्या जाहिराती. त्याचा 'र' ओळखायला लोक भिंतींवरच्या जाहिरातींपाशी थांबत, असे बार्नाबे सांगे. मग अठराशे सत्तर साली प्रशियाशी, म्हणजे जर्मनांशी, लढाई झाली. ओझान चोवीस वर्षांचा होता. तोफेचा गोळा फुटला आणि इस्पितळात त्याचा उजवा हात कापला.

परत आल्यावर त्याने छापखान्याचा उंबरठा ओलांडला नाही. सव्वीस वर्षे वीस पावलांवर उभा राहिला, पण आत म्हणून आला नाही. दर हिवाळ्यात बार्नाबे खिडकीतून ओरडे, "अरे, बाहेर कुडकुडतोस कशाला? आत येऊन बस तरी!"

"आत येऊन काय करू? तुझी शाई हुंगू?" ओझान तिथूनच म्हणे आणि शेगडीतले निखारे उगाच हलवत बसे.

त्याची बायको झेली मात्र यायची. ती समोरच्या धोबीखान्यात इस्त्रीचे काम करी. बार्नाबेकडे जे ठसे बिघडत ते ती नवऱ्यासाठी घेऊन जाई. त्यांच्या पुड्या होत. अशा रीतीने ओझानच्या हातून छापखान्याचा कागद रोज जात होता, पण त्याने तो कधी उलटून पाहिला नाही.

शहाण्णव सालच्या हिवाळ्यात मस्यू फाबियाँ आला; मस्यू म्हणजे तिकडचे साहेब. हा चित्रकार. वय तिशीच्या आत, दाढी विरळ, मिजास दाट. त्याला खोलीत बसून चित्रे काढणाऱ्यांचा राग होता. धुके, धूर, ओल्या फरशीवरचा उजेड, हेच खरे विषय असे तो म्हणे. त्याने बार्नाबेला दगड खिडकीशी मांडायला लावला आणि समोर दिसते ते थेट दगडावर काढायला बसला.

"मस्यू, मध्ये आरसा ठेवा," बार्नाबे म्हणाला. "आरशात बघून काढा, म्हणजे कागदावर बरोबर येईल. नाहीतर डावं-उजवं सगळं फिरेल."

"धुक्याला डावं-उजवं असतं का हो?" फाबियाँने मान न उचलता विचारले. "घोडा इकडून तिकडे गेला काय नि तिकडून इकडे आला काय, घोडाच ना?"

बार्नाबेने खांदे उडवले. पैसे देणारा शहाणा असतो, असा त्याचा व्यवहार होता.

चार सकाळी फाबियाँ काढत होता. तो रेघ ओढत नसे, खडू दगडावर टेकवून उचलत असे. दुरून मला वाटे की हा नुसते डाग पाडतो आहे. पाचव्या दिवशी बार्नाबेने दगडावर डिंकाचे आणि आम्लाचे पाणी फिरवले, दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवला, मग स्पंजाने धुऊन शाईचा रूळ फिरवला. आणि फळीकडे हात करून त्याने सर्वांत वरचा कागद उचलला. तो मी होतो.

मला ओलसर केले आणि दगडावर पालथे घातले. माझ्यावर जाड कापड आले, मग चाक फिरले आणि पाठीवरून एक लाकडी पट्टी अशा जोराने दाबत गेली की वाटले, आता माझ्या पुन्हा चिंध्या होणार. मग सगळे थांबले. बार्नाबेने माझे एक टोक चिमटीत धरून मला हळूहळू सोलावे तसे उचलले.

मित्रांनो, त्या क्षणी मी काय झालो ते मला शब्दांत सांगता येत नाही. एका श्वासापूर्वी मी कोरा होतो. आता माझ्या अंगावर घोडे होते, त्यांच्या नाकपुड्यांतली वाफ होती, ओली फरशी होती, आणि तिच्यावर पडलेला सकाळचा उजेड होता. उजेड म्हणजे दुसरे काही नव्हते, जिथे शाई लागली नव्हती तिथला मीच होतो. माझाच कोरा कागद उजेड झाला होता! बार्नाबेने टोपी काढली आणि ती छातीशी धरली.

मग त्याने मला खिडकीशी दोरीवर वाळत घातले आणि तिथेच घोटाळा झाला. गल्लीतला खाटीक गास्पार बार्नाबेच्या जेवणासाठी सॉसेज घेऊन आला होता. त्याने माझ्याकडे पाहिले, खिडकीतून बाहेर पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले.

"अहो, हा आपला ओझान ना?"

"तोच."

"मग याचा हात इकडून तिकडे कसा गेला?"

सगळे बघू लागले. खरेच की! बाहेर ओझान डाव्या हाताने चेस्टनट हलवत होता आणि त्याची उजवी बाही टाचलेली होती. माझ्या अंगावरचा ओझान उजव्या हाताने हलवत होता आणि त्याची डावी बाही टाचलेली होती. बस, कुत्रा, छत्री, सगळेच फिरले होते, पण ते कुणाच्या लक्षात आले नसते. एकच हात असलेला माणूस मात्र चित्राची चहाडी करून गेला.

गास्पार हसत सुटला. दुपारपर्यंत अर्धी गल्ली खिडकीशी जमली. फाबियाँ आला तेव्हा गास्पारने त्याला दारातच गाठले.

"मस्यू, सगळ्या गल्लीला दोन-दोन हात, तिथं तुम्ही चुकला नाहीत. ज्याला एकच, त्याचाच तेवढा चुकला!"

फाबियाँचे कान लाल झाले. शनिवारी ठसे विकत घेणारा प्रकाशक चित्र बघायला येणार होता, आणि हा प्रकाशक येता-जाता ओझानकडून चेस्टनट घेत असे. फाबियाँने दगड खरवडायचा चाकू उचलला.

नेमकी त्याच वेळी झेली कागद न्यायला आली. दगडापाशी उभा असलेला फाबियाँ, त्याच्या हातातला चाकू आणि दोरीवरचा मी, सगळे तिने एका नजरेत पाहिले.

"काय करताय?"

"हात काढतोय. चुकलाय."

"मग दुसरा लावणार?"

"दगड आता आम्लातून गेलाय. त्यावर नवीन काढणं अवघड. खरवडणं सोपं आहे," फाबियाँ म्हणाला. "हात काढून टाकतो, तिथं धूर राहील. कुणाला कळणारही नाही."

"म्हणजे एक हात लढाईत गेला, दुसरा तुम्ही घेणार?" झेलीने टोपली जमिनीवर आपटली. "चेस्टनट काय नाकाने हलवायचे त्याने? थांबा. ज्याचा हात त्याला विचारा आधी."

ती बाहेर गेली. खिडकीतून मला दोघे दिसत होते. ओझान मानेनेच नाही म्हणत होता. जमलेल्या लोकांकडे बघून त्याला वाटले असावे की आपली थट्टा चालली आहे. झेलीने त्याच्या हातातला झारा काढून शेगडीवर ठेवला आणि त्याच्या डाव्या कोपराला धरून त्याला आणले. उंबरठ्यापाशी तो थबकला. आत शाईचा, डिंकाचा, ओल्या दगडांचा वास होता. सव्वीस वर्षांनी तो वास त्याच्या नाकात गेला आणि त्याचा चेहरा कसानुसा झाला. मग त्याने पाय आत टाकला. गास्पारसुद्धा हसायचा थांबला.

ओझान माझ्यासमोर उभा राहिला.

माझ्याकडे पुढे पुष्कळ लोकांनी पाहिले. जाणत्यांनी भिंगातून पाहिले, पोरांनी जांभया देत पाहिले. पण तसे कुणी पाहिले नाही. आधी त्याने घोडे पाहिले, मग टोपलीवाली बाई पाहिली, आणि मग त्याची नजर त्या हातावर येऊन थांबली. त्याचा डावा हात आपोआप वर गेला आणि रिकाम्या बाहीपाशी, जिथे हात असायला हवा होता तिथे, हवेत थांबला.

"बोटं आहेत," तो हळूच म्हणाला. "पाचही आहेत."

बोटे नव्हती हो, मित्रांनो! तिथे खडूचा एक आडवा फटकारा होता, बाकी काही नाही. मला ठाऊक होते, माझ्याच अंगावर तो होता. पण ओझानला पाचही दिसली, आणि तो म्हणाला तेव्हा झेलीला दिसली, बार्नाबेला दिसली. खोटे कशाला सांगू, मलाही दिसली.

फाबियाँ ओशाळून म्हणाला, "ओझानबाबा, माझ्याकडून चूक झाली. राग मानू नका. मी आत्ता काढून टाकतो."

"नको."

"दोन मिनिटांचं काम आहे. तुम्हाला कळणारही नाही."

"इस्पितळातला डॉक्टरही असंच म्हणाला होता," ओझान म्हणाला. "मस्यू, हा हात एकदा कापलाय. पुन्हा कापू नका."

फाबियाँ हातातल्या चाकूकडे असा बघू लागला की जणू तो आत्ताच कुणीतरी त्याच्या हातात दिला होता. त्याने तो ठेवून दिला.

"पण शनिवारी लोक हसतील हो," तो शेवटी म्हणाला.

"हसू द्या की! सव्वीस वर्षं लोक या बाहीकडे बघून मान फिरवतात. हसायला तरी नीट बघावं लागेल त्यांना."

एवढे बोलून तो निघाला असता, तर माझी गोष्ट इथेच संपली असती. पण जुन्या कारागिराचे पाय दगडापाशी थांबल्याशिवाय जात नाहीत. तो छापाच्या यंत्राकडे वळला आणि खाली वाकून दगडावरचे चित्र बघू लागला. दगडावर त्याचा हात डावाच होता. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. कागदावर उजवा. पुन्हा दगड बघितला. डावा. मग त्याने स्वतःचा हात पालथा-उताणा करून पाहिला.

"झेली," तो म्हणाला, "मी इस्पितळातून तुला पत्र लिहिलं होतं. आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? तीन दिवस उलटंसुलटं करून बघत होते. एक अक्षर कळेना. वाटलं, हाताबरोबर डोकंही गेलं. रडले मी! मग याच्याकडे आणलं वाचून घ्यायला."

"आणि याने वाचलं?"

"घडाघडा वाचलं की."

ओझानने बार्नाबेकडे पाहिले. "ते उलटं होतं बार्नाबे. पहिल्यांदाच डावा हात चालवला होता. सुलटं लिहायला गेलो तर सगळं उलटंच उतरलं. खोलीतले शिपाई हसले, म्हणाले याचं डोकं फिरलंय. तेव्हापासून लेखणी धरली नाही मी."

बार्नाबेचे तोंड उघडे पडले. "उलटं होतं? मला कुठं कळलं! मी जन्मभर दगडावरचं उलटंच वाचत आलो. माझ्या डोळ्यांना ते सुलटंच दिसलं असणार." आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने शाईचे हात स्वतःच्याच कपाळावर मारून घेतले. "अरे देवा! दगडाला उलटंच लागतं, आणि या माणसाचा डावा हात न शिकवता उलटं लिहितो! आणि मी सव्वीस वर्षं त्याला नुसता बसायला बोलावतोय!"

"तुम्ही दोघंही गाढवं," झेली म्हणाली. "एक लिहिणारं, एक वाचणारं."

चित्राच्या खाली नाव लिहायचे बाकी होते. त्यासाठी बार्नाबे बाहेरून लेखनिक आणवणार होता. त्याने आता एक लहानसा दगड टेबलावर मांडला, वर हात टेकायला लाकडी फळी ठेवली आणि शाईत बुडवलेली लेखणी ओझानपुढे धरली. ओझानने ती घेतली नाही. बाहेर शेगडीवरचे चेस्टनट जळत होते, त्यांचा वास येत होता, पण कुणी गेले नाही.

"नाही जमलं तर?" तो म्हणाला.

"तर दगड पुसू," बार्नाबे म्हणाला. "दगड काय कुणाला सांगायला जातोय?"

ओझानने लेखणी घेतली. हात फळीवर टेकला. पहिले अक्षर थरथरले. दुसरे जरा कमी थरथरले. चौथ्या-पाचव्या अक्षराला त्याचे ओठ चंबू झाले आणि त्यांतून अगदी बारीक शिट्टी निघू लागली. मला वाटते, त्याला स्वतःला ती ऐकू येत नव्हती. बार्नाबेने मात्र ऐकली. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि बाहीने मिशा पुसत राहिला.

दगड तयार झाल्यावर मला दुसऱ्यांदा दाबाखाली घातले, या वेळी फक्त खालची कड. पट्टी फिरली, बार्नाबेने मला उचलले. घोड्यांच्या खुरांखाली, मोकळ्या जागेत, काळीभोर ओळ उमटली होती: चढावरची सकाळ. सगळी अक्षरे सुलटी, एकापुढे एक. पहिले अक्षर जरासे वाकडे होते. आजही आहे.

झेलीला फारसे वाचता येत नसे. तिने विचारले, "सुलटं आहे ना?"

"सुलटं आहे," ओझान म्हणाला. आणि मग तो मोठा माणूस बार्नाबेच्या खांद्यावर डोके ठेवून हमसून हमसून रडला.

शनिवारी प्रकाशक आला. हात बघून तो हसला, हे खरे आहे. फाबियाँ पुन्हा लाल झाला. मग प्रकाशक खिडकीतून ओझानकडे बघत राहिला, पुन्हा माझ्याकडे वळला, आणि त्याचे हसू हळूहळू गेले. "याला हात लावू नका," तो म्हणाला. "आणि खालचं अक्षर कुणाचं?" माझी साठ भावंडे छापली गेली आणि दूरदूरच्या घरी भिंतींवर गेली. माझ्यावर बोटांचे डाग पडलेले, म्हणून मी विकण्याजोगा नव्हतो. अशा ठशांची पुडी होते, हे तुम्हाला सांगितलेच आहे. पण बार्नाबेने मला ओझानच्या हवाली केले आणि बजावले, "याच्यात चेस्टनट बांधलेस तर याद राख."

ओझानने मला चुलीपासून दूर, खिडकीशेजारच्या भिंतीवर लावले. तो सकाळी छापखान्यात अक्षरे लिही आणि संध्याकाळी हौसेने शेगडी मांडी. चौदा वर्षे असे चालले. पाहुणे आले की झेली त्यांना माझ्यापुढे उभे करी आणि सूप गार होईपर्यंत ही गोष्ट सांगे. पुढे ती दोघेही गेली. त्यांच्यामागे कुणी नव्हते. घरातले सामान विकले गेले, आणि मला एका आरशाच्या पाठीला आधार म्हणून कोंबले. तिथे मी चाळीस वर्षे काळोखात होतो. ओल लागून माझ्या अंगावर तपकिरी ठिपके उठले, एक कोपरा गळून पडला. माझ्यापुढे कुणी भांग पाडत होते, कुणी टाय बांधत होते, आणि पाठीमागे एक अख्खी गल्ली आहे हे कुणाला माहीत नव्हते. आरसा फुटला तेव्हा मी बाहेर आलो आणि एका जाणत्या माणसाच्या हाती लागून या पेटीत पोहोचलो.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम मागे ठेवली होती. ती आता सांगतो.

साठ ठसे निघाले की दगडावरचे चित्र घासून टाकायचे, अशी छापखान्याची रीत होती. एकदा घासले की तो ठसा पुन्हा निघत नाही, आणि दगड दुसऱ्या कामाला मोकळा होतो. मी तेव्हा अजून दोरीवरच होतो. बार्नाबेने दगड हौदाशी नेला, वर पाणी आणि वाळू टाकली, आणि थांबला. त्याचा हात उचलेना.

"आण इकडे," ओझान म्हणाला. "मी घासतो."

"तू नको रे. दुसरं कुणीतरी करेल."

"माझा हात आहे. मीच घासणार."

घासायचा छोटा दगड त्याने डाव्या हाताने धरला, दुसऱ्या बाजूने बार्नाबेने धरला, आणि दोघे तो गोल गोल फिरवू लागले. आधी धुके गेले. मग छत्री, मग घोडे. झेली दारात उभी होती. धूर जाऊन चेस्टनटवाला एकटा उरला तेव्हा तिला राहवले नाही.

"अरे, थांब की जरा! एवढा हात वाचवलास, आणि आता स्वतःच पुसतोस?"

"तेव्हा माझ्याजवळ तेवढाच होता," ओझान म्हणाला. त्याने हात थांबवला नाही. "आता मला दगड मोकळा हवाय. उद्या यावर लग्नपत्रिका लिहायचीय."

राखाडी पाणी हौदात वाहून गेले. दगड कोरा झाला, स्वच्छ, ओला, चकचकीत. ओझानने त्यावरून तळहात फिरवला आणि कुठे खडबडीत राहिले आहे का ते कारागिराच्या बोटांनी चाचपून पाहिले.

मित्रांनो, मी साधा कागद आहे. मला उन्हात टांगलेत तर मी पिवळा पडेन, ओलीत ठेवलेत तर सडेन, चिकटपट्टी लावलीत तर ती माझी कातडी घेऊन निघेल. जुन्या माळ्यावर, जुन्या चौकटीमागे माझ्यासारखा कुणी सापडला तर तो फेकण्याआधी उजेडात नेऊन बघा. दोन पावले मागे सरकून बघा. आणि चित्र बघून झाल्यावर लगेच निघू नका, खालची ओळ वाचा. चित्रकाराची सही कोपऱ्यात असते, ती सगळ्यांना दिसते. खालची ओळ लिहिणाऱ्याचे नाव कागदावर कुठेच नसते. माझ्यापुरते ते तुम्हाला आता ठाऊक झाले आहे. कुणी विचारले तर सांगा.